एकदा येऊन गेलेले रक्तदाते परत कसे आणायचे?

पत्र:

«मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिसऱ्या वर्षाला शिकते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची विद्यार्थी प्रतिनिधी आहे. गेल्या वर्षी शिवजयंतीला आम्ही महाविद्यालयात रक्तदान शिबिर घेतलं. १४० जणांनी नावं दिली, पिशव्या ९६ झाल्या. बाकीच्यांना परत पाठवलं, त्यात मुलीच जास्त. मीही त्यातलीच, माझं हिमोग्लोबिन ११.८ निघालं. दोन मुली आणि एक मुलगा चक्कर येऊन पडले आणि ती गोष्ट घरोघरी गेली. यंदा त्याच दिवशी जेमतेम ५० पिशव्या. पालक नको म्हणतात, आणि गेल्या वर्षी दिलेली मुलं ‘आमचं झालंय’ म्हणून पुढे सरकतात. सर म्हणतात, भेट म्हणून हेल्मेट ठेवू, नाहीतर अंतर्गत गुण देऊ. मुलं नियमित रक्तदान करतील असं काय करता येईल? आणि मी स्वतः एकदाही रक्त दिलेलं नाही, मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?»

उत्तर:

सरांच्या दोन्ही सूचनांना आधी नम्रपणे नाही म्हण. का, ते पुढे येईलच. तुझं खरं दुखणं ‘मुलं येत नाहीत’ हे नाही. पहिल्या वर्षी १४० जणांनी नावं दिली होती, म्हणजे इच्छा होती. जी मुलं आली त्यांना त्या दिवशी काय अनुभव आला आणि नंतर वर्षभर त्यांना कुणी विचारलं का, सगळी गोम तिथे आहे.

शिवजयंतीला भरलेल्या ९६ पिशव्यांचं पुढे काय झालं असेल? शिबिर १९ फेब्रुवारीला झालं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, टिकतात पाच दिवस, म्हणजे २४ फेब्रुवारीपर्यंत. तांबड्या पेशी, म्हणजे ज्याला आपण बोलताना ‘रक्ताची पिशवी’ म्हणतो त्या, नव्या प्रकारच्या पिशवीत ४२ दिवस आणि साध्या पिशवीत ३५ दिवस. ४२ धरले तरी २ एप्रिलला मुदत संपली. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्याचा भाग, तेवढा गोठवून वर्षभर ठेवता येतो. महाराष्ट्रात रक्ताची चणचण भासते ती मे महिन्यात, महाविद्यालयं बंद असताना, आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीत. फेब्रुवारीतली पिशवी मेमधल्या रुग्णापर्यंत पोहोचूच शकत नाही. त्यातही शिवजयंती, प्रजासत्ताक दिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस या ठरावीक दिवशी जिल्हाभर शिबिरं होतात, फ्रीज एकदम भरतात आणि मुदत संपून काही पिशव्या टाकून द्याव्या लागतात. शंभर पिशव्यांचा फलक लावायला छान असतो, पण रक्तपेढीला विचारलंस तर ती सांगेल की तेच शंभर जण वर्षात चार वेळा पंचवीस-पंचवीस करून आले तर तिचं काम जास्त होतं.

तुझ्या मित्रमैत्रिणींना हेच सांग, आणि आकड्यांनिशी सांग. पेशंटला आज चढणारं रक्त आज सकाळी कुणी दिलेलं नसतं. पिशवी भरल्यावर रक्तगट तपासायचा, एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या करायच्या, घटक वेगळे करायचे, मग रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहायचं, यात कित्येक तास जातात. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या बाईजवळ तेवढा वेळ नसतो. तिला वाचवतं ते आधीच तपासून २ ते ६ अंशांवर ठेवलेलं रक्त. ‘तातडीने ओ निगेटिव्ह पाहिजे’ असे व्हॉट्सॲपवरचे निरोप पुढे ढकलून समाधान मिळतं, पण त्यातले बरेच जुने असतात आणि खरे असले तरी उशिराचे असतात. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांचं तर आणखी वेगळं. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. त्यांच्यासाठी कुठलाच एक दिवस ‘शिबिराचा’ नसतो.

आता चक्कर आलेल्या तिघांकडे येऊ. पालकांचा विश्वास तिथेच उडाला आणि तो परत मिळवायचा तर कारण नेमकं कळायला हवं.

दिवस शिवजयंतीचा. त्या तिघांपैकी कुणी आदल्या रात्री शिवज्योत आणायला गडावर गेलं होतं का, ते विचार. रात्रभर पळत, अनवाणी, झोप नाही, सकाळी चहा-बिस्कीट, मिरवणूक, आणि मग नऊ वाजता खाटेवर. असा दाता पडणारच. झोप न झालेल्याला आणि उपाशी माणसाला रक्त द्यायला बसवूच नये, हा नियम आहे. यासाठी उत्साहाच्या दिवसांपेक्षा साधा बुधवार बरा. तारीख ठरवताना कॅलेंडर बघ: चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान हे सगळं टाळ. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेय, चालेल का, असं मुली विचारतात. खिचडी म्हणजे उपाशीपोट नव्हे हे खरं, पण जी दिवसभर बाकी काहीच खाणार नाही तिला दुसऱ्या दिवशी बोलवावं.

दुसरं कारण गर्दी. शिबिरासाठी औषध नियमांत प्रमाण घालून दिलेलं आहे: सुमारे तीन तासांत ५० ते ७० दाते किंवा पाच तासांत १०० ते १२० दाते घ्यायचे असतील, तर एक डॉक्टर, सहा ते आठ खाटांमागे दोन परिचारिका किंवा रक्त काढणारे, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवा कार्यकर्ते आणि दोन मदतनीस. १४० नावं घेऊन दुपारी एकपर्यंत आटपायचं ठरवलं की पहिला घाला विश्रांतीच्या वेळेवर येतो. दात्याला ‘उठ, पुढच्याला जागा दे’ म्हटलं जातं, तो उभा राहतो आणि दारात पडतो. एक पडला की रांगेतल्या दोघांना बघूनच घेरी येते. तिघांत हेही असू शकतं.

चक्कर येते ती रक्त कमी झाल्याने नव्हे, निदान फक्त त्यामुळे नव्हे. भीती, सुई, उकाडा, रिकामं पोट यांनी शरीराची एक मज्जातंतूंची प्रतिक्रिया सुरू होते, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. वय कमी, वजन कमी आणि पहिलीच वेळ, या तिन्ही गोष्टी जिच्यात आहेत तिला धोका सगळ्यात जास्त. तुझ्या महाविद्यालयातल्या निम्म्या मुली यात बसतात. पण हे बऱ्याच अंशी टाळता येतं, आणि टाळायला खर्च शून्य.

दोन-अडीच तास आधी पोटभर जेवण: भाकरी-भाजी, पोहे, काहीही, फार तेलकट नको. रक्त देण्याच्या अर्धा तास आधीपासून अर्धा लिटर पाणी, आणि हे पाणी स्वयंसेवकाने हातात द्यायचं, ‘पाणी पिऊन या’ असं सांगून भागत नाही. सोबत काहीतरी खारट. खाटेवर पडल्यावर पाय एकमेकांवर आडवे ठेवून मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू पाच सेकंद आवळायचे, मग सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे, श्वास मात्र रोखायचा नाही. याने रक्त पायात साचत नाही. दात्याशी कुणीतरी गप्पा मारत राहायचं. पिशवी पाच ते दहा मिनिटांत भरते. सुई काढल्यावर हात कोपरात दुमडू द्यायचा नाही, सरळ ठेवून कापसाच्या बोळ्यावर बोटांनी दाबून धरायचं. दुमडला की आत रक्त पाझरतं आणि दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसतं, मग आई म्हणते ‘बघ, काय करून घेतलंस’. पाच-दहा मिनिटं आडवं, दोन मिनिटं पाय खाली सोडून काठावर, आणि मग खुर्चीवर बसून सरबत-बिस्कीट. एकूण वीस मिनिटं तरी तिथून हलायचं नाही. तुझे दोन खमके स्वयंसेवक फक्त या खुर्च्यांपाशी ठेव, त्यांनी दुसरं काहीच करायचं नाही.

तरीही कुणाला घाम फुटला, जांभया आल्या, चेहरा पांढरा पडला, तर डॉक्टरांना हाक मार आणि लगेच तिथल्या तिथे आडवं करून पाय वर उचल. भोवतीची गर्दी पांगव. कांदा-चप्पल हुंगवणं नको, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणीही नको. काही जणांना घरी जाताना, एसटीत उभं असताना किंवा गरम पाण्याने आंघोळ करताना चक्कर येते. म्हणून लगेच मोटरसायकल नाही, संध्याकाळपर्यंत जड उचलणं नाही, आणि दिवसभर पाणी जास्त.

आणखी एक गोष्ट स्वयंसेवकांना माहीत असावी. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून ४९ मिलिलिटर द्रावण आधीच भरलेलं असतं. मध्येच चक्कर येऊन रक्त थांबवावं लागलं तर प्रमाण बिघडतं आणि पिशवी बहुधा फुकट जाते. घाईत दाता पडला तर तो तर दुखावतोच, रक्तही वाया जातं.

परत पाठवलेल्या मुलींबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण तुमच्या शिबिराची सगळ्यात मोठी गळती ही आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

रक्तदानासाठी हिमोग्लोबिन १२.५ लागतं, मुलगा असो की मुलगी. बाईमाणसात रक्तक्षय मोजायची रेघ आहे १२. म्हणजे जिचं १२.२ आहे ती आजारी नाही, तरी रक्त देऊ शकत नाही. हा फरक तिला कुणी सांगत नाही, ती ‘माझ्यात रक्त कमी आहे’ असं मनाशी धरून घरी जाते आणि पुन्हा शिबिराकडे फिरकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा तुमच्या वर्गातल्या मुली परत जाणार हे आधीच ठरलेलं होतं.

यावर उपाय म्हणजे शिबिराच्या तीन महिने आधी फक्त हिमोग्लोबिन तपासणी घ्यायची. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र द्या, ते येतात. कमी निघालेल्या मुलींना तिथले डॉक्टर लोहाच्या गोळ्या आणि गरज असेल तर जंताची गोळी देतात. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळी होते, त्याला घाबरून बंद करू नये. पोटात मळमळलं तर रात्री झोपताना घ्यावी. आहारात मोड आलेली मटकी-चवळी, बाजरीची भाकरी, अळीव, हरभऱ्याची भाजी, खात असाल तर मटण आणि कलेजी. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात असा समज आहे, तो रंगावरून आलेला आहे. दोन्ही खावीत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

तुझं ११.८ दोन-तीन महिन्यांत नियमित गोळ्यांनी बहुतेक वर येईल. नाही आलं तर डॉक्टरांना सांगून थॅलेसेमियाच्या वाहकाची, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष अंगात बाळगणाऱ्याची, तपासणी करून घे. काही मुलींचं हिमोग्लोबिन त्यामुळेच कायम कमी राहतं आणि त्या उगाच वर्षानुवर्षं लोह घेत बसतात. आणि कोणत्या तोंडाने सांगू, या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ‘मला परत पाठवलं, मी गोळ्या सुरू केल्यात, तूही चल’ हे वाक्य परत गेलेल्या मुलींशी बोलायला दहा वेळा रक्त दिलेल्या मुलापेक्षा जास्त उपयोगी आहे.

तपासणी नीट होतेय ना, हेही बघ. निळ्या मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडतात, पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं. पण थेंबात हवेचा बुडबुडा असेल, स्पिरिट न वाळलेल्या बोटाला टोचलं असेल किंवा बोट पिळून पिळून रक्त काढलं असेल, तर चांगला थेंबही तरंगू शकतो. शिवाय त्या द्रावणाच्या ३० मिलिलिटरमध्ये साधारण २५ तपासण्या झाल्या की ते बदलायचं असतं. काठावरच्या मुलीची तपासणी यंत्रावर पुन्हा करा म्हणायला लाजू नकोस.

बाकी कारणं पटकन सांगते, ती आधीच सूचनाफलकावर लावली तर निम्मे लोक दारातून परत जाणार नाहीत. वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो. पंचावन्न किलोपर्यंतच्या मुलीकडून ३५० मिलिलिटरच घेतात, ४५० ची पिशवी ५५ किलोंच्या वरच्यांसाठी. गोंदवून किंवा कान-नाक टोचून बारा महिने झालेले हवेत, त्यामुळे यात्रेत गोंदवलेली पोरं वर्षभर बाद. टायफॉइडनंतर बारा महिने, डेंग्यूनंतर सहा, मलेरिया पूर्ण बरा झाल्यावर तीन. दात काढला असेल तर सहा महिने. अँटिबायोटिकचा शेवटचा डोस होऊन दोन आठवडे. कुत्रा चावून लस घेतली असेल तर वर्ष. पाळीच्या दिवसांत नाही. कावीळ होऊन गेली असेल तर कोणत्या प्रकारची ते डॉक्टरांना सांगायचं, ब किंवा क असेल तर कायमचं नाही.

आणि परत पाठवताना प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्यायची: कारण काय, आणि कोणत्या तारखेपासून येता येईल. ‘आज नाही चालणार’ एवढ्यावर बोळवण केलेला मुलगा तुमच्या यादीतून कायमचा गेला असं समज.

आता हेल्मेट आणि गुण. १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. कारण पैशांसाठी आलेला माणूस आपला आजार लपवतो. हेल्मेटसाठी आलेलाही लपवतो, आणि अंतर्गत गुणांसाठी आलेला तर नक्कीच. रक्त देण्याआधी भरायच्या प्रश्नावलीत विचारलेल्या काही गोष्टी तपासणीत सापडत नाहीत. विषाणू शिरल्यावर काही दिवस ते काही आठवडे तपासणी निकोप दाखवते आणि त्या काळात रुग्णाला वाचवणारा एकच पहारा असतो, तो म्हणजे दात्याचा खरेपणा. गुणांच्या आमिषाने तोच पहारा तुम्ही उठवता. प्रमाणपत्र, बिल्ला, पोटभर नाश्ता इथपर्यंत ठीक.

याच कारणाने प्रश्नावली पडद्याआड भरू द्या. मित्र खांद्यावरून वाकून बघतोय आणि समोर विचारलंय, ‘जोडीदाराव्यतिरिक्त कुणाशी शरीरसंबंध?’ कोण खरं लिहील? ‘द्यायचं नाही’ असं ठरवणाऱ्याला कारण न सांगता मागे फिरता आलं पाहिजे, आणि त्याची थट्टा होता कामा नये. फुकट एचआयव्ही तपासणी होईल म्हणून रक्त द्यायला येणारेही असतात. त्यांना ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्राचा पत्ता दे, तिथे ती मोफत आणि गुप्त होते. शिबिरात दिलेल्या एखाद्याच्या रक्तात संसर्ग सापडला तर रक्तपेढीचे समुपदेशक त्याला एकट्याला बोलावतात, म्हणून फोन नंबर बरोबर लिहायचा. असली नावं महाविद्यालयाने कधीही मागू नयेत.

पालकांना समजावताना ‘रक्तदान श्रेष्ठदान’ पुरेसं नाही. हिशोब सांगा. पन्नास किलोंच्या मुलीत साधारण साडेतीन लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० मिलिलिटर म्हणजे दहावा हिस्सा. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी चार ते आठ आठवड्यांत. लोह मात्र सावकाश: एका पिशवीबरोबर सुमारे १५० मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं. म्हणून पुरुषांना ९० आणि बायकांना १२० दिवसांचं अंतर. ‘अशक्तपणा येतो’ ही आईची भीती अगदीच निराधार नाही, ती लोह भरून न काढता वरचेवर देणाऱ्याबाबत खरी आहे. असं मान्य केलंत तर ती तुमचं बाकीचं ऐकेल.

आमचं मत विचारशील तर मुलांनी वर्षातून तीनदा आणि मुलींनी दोनदा द्यावं, नियम त्याहून जास्त परवानगी देत असला तरी. ‘क्लब २५’ ही कल्पना तू ऐकली असशील. झिम्बाब्वेमध्ये १९८९ साली ती सुरू झाली, पंचविशीपर्यंत पंचवीस वेळा रक्त देण्याची शपथ. तरुणांना बांधून ठेवायला ती कल्पना उत्तम, पण आकडा इथे चालत नाही. १८ ते २५ या सात वर्षांत १२० दिवसांच्या अंतराने मुलीला एकही वेळ न चुकवता बावीसच्या वर जाताच येत नाही. ज्या स्पर्धेत मुली आधीच हरलेल्या आहेत ती लावू नये. त्याऐवजी ‘एकही वर्ष कोरं नाही’ एवढंच ठेवा.

वर्षाचा आराखडा असा बसवता येईल. चार छोटी शिबिरं, प्रत्येकी चाळीसेक दाते. पहिलं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात: तेव्हाच्या पिशव्या जूनच्या सुरुवातीपर्यंत पुरतात, नेमकी सुट्टीची चणचण भागते. दुसरं श्रावण लागायच्या आत, कारण पुढे उपवासांचे दिवस. तिसरं दसरा ते दिवाळीची सुट्टी यांमध्ये. चौथं संक्रांतीनंतर. शिवजयंतीला रक्त घेण्याऐवजी नावनोंदणी आणि हिमोग्लोबिन तपासणी ठेवा, उत्साहही वाया जाणार नाही. रक्तपेढीशी महिनाभर आधी बोला आणि ‘आम्ही किती देऊ’ असं न सांगता ‘तुम्हाला त्या आठवड्यात किती हवंय’ असं विचारा. परवाना आहे का, घटक वेगळे करण्याची सोय आहे का, हेही. प्लेटलेट्स काढायच्या तर रक्त काही तासांतच केंद्रात पोहोचावं लागतं, तेव्हा जवळची रक्तपेढी बरी.

यादीचं काम तूच धर. एका तक्त्यात नाव, फोन, वर्ग, शेवटची तारीख, पुढची तारीख. पुढची तारीख मांडायची म्हणजे मुलाला ९०, मुलीला १२० दिवस मिळवायचे. यंदा १९ फेब्रुवारीला दिलेला मुलगा २० मेपासून, मुलगी १९ जूनपासून पात्र. हा तक्ता कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, निरोपही ग्रुपवर नाही. दर दहा दात्यांमागे त्यांच्याच वर्गातला एक जण नेम, त्याने तारखेच्या आठवडाभर आधी फोन करायचा. फोनवर एवढंच: ‘तुझे नव्वद दिवस शुक्रवारी भरतायत. त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही चौघं जातोय, येतोस?’ सोबत जाणारं कुणी असलं की दुसऱ्यांदा येणं सोपं होतं. आणि एकदा का माणूस दुसऱ्यांदा आला की पुढच्या वेळी फार मागे लागावं लागत नाही. सुट्टीत गावी किंवा पुण्या-मुंबईला गेलेल्यांना ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर जवळची रक्तपेढी सापडते, तिथे थेट जाऊन देता येतं, शिबिराची वाट बघायची गरज नाही.

दात्याला मिळणाऱ्या कार्डाबद्दल गैरसमज होऊ देऊ नका. ती बँकेतली ठेव नव्हे, पाहिजे तेव्हा मोडून पिशवी घेता येईल अशी. सवलतीचे नियम प्रत्येक रक्तपेढीचे वेगळे असतात, ते त्याच दिवशी विचारून लेखी घ्या, नाहीतर पुढे कुणाच्या तरी ऑपरेशनच्या वेळी भांडण होतं आणि ‘रक्त देऊन काही उपयोग नाही’ असं गावभर होतं.

तुमच्या भागात भरतीची तयारी करणारी मुलं पुष्कळ. त्यांना स्पष्ट सांगा की मैदानी चाचणीच्या आधी चार आठवडे रक्त देऊ नका, धावण्याचा दम तेवढे दिवस थोडा कमी पडतो. चाचणी झाली की या. हे आपणहून सांगितलंत तर ती मुलं परत येतील, न सांगता घेतलंत आणि १६०० मीटरची वेळ हुकली तर तो दोष रक्तदानावरच येईल. निगेटिव्ह गटाच्या मुलांनी शिबिरात द्यावं की गरज पडेल तेव्हा यावं, हे रक्तपेढीला विचारूनच ठरवा. आणि एखाद्याचा गट ‘ओ’ असून ताळमेळ लागत नाही असं तंत्रज्ञ म्हणाले तर वैतागू नका, तो बॉम्बे रक्तगट असू शकतो. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये नोंदवला. असा माणूस सापडला तर त्याचं नाव रक्तपेढीच्या दुर्मिळ गटाच्या यादीत जायलाच हवं, कारण त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं.

एक शेवटचं. तू तिसऱ्या वर्षाला आहेस, जूननंतर तिथे नसशील. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली दोन मुलं आत्ताच सोबत घे, तक्ता आणि रक्तपेढीतल्या माणसाचा नंबर त्यांच्याकडे सोपव, आणि एप्रिलचं शिबिर त्यांनाच चालवू दे, तू खुर्च्यांपाशी उभी राहा.